बिनकामाची जागल

रात्र उघड्यावर काढायची ती कामासाठी, हौसेसाठी नाही, असं माझं पक्कं मत होतं. दर्यापूर तालुक्यात आमचं शेत. खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथं ओलीत कुठलं? जमिनीतल्या ओलाव्यावर येईल तो हरभरा. तो घाट्यावर आला की रानडुकरं उतरतात, रोही उतरतात, आणि घरातले पुरुष जागलीला जातात. मचाणावर एक वाकळ, एक बॅटरी, बडवायला रिकामा डबा. पहाटे दवानं वाकळ जड होते आणि डोळा लागतो न लागतो तोच कुंपणाकडे खसखस ऐकू येते. अमरावतीत नोकरी लागली तेव्हा गाव सुटल्याचं वाईट वाटलं, पण जागल सुटल्याचं अजिबात नाही.

त्यामुळे बायकोनं तंबू मागवला तेव्हा मला हसू आलं. तिच्या मनात मूल्की होतं. मंगळूरजवळच्या या गावात २००४ च्या सुमारास एका आश्रमानं फळीवर उभं राहून लाटांवर स्वार व्हायची विद्या रुजवली, आणि आता देशभरातून पोरंपोरी तिथं शिकायला जातात. एवढं अंतर एका दमात नको म्हणून तडजोड झाली ती कोकणातल्या गुहागरवर. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "पैसे देऊन जागल कराले चालले का बाप्पा?" मी मनापासून त्यांच्या बाजूचा होतो.

बायको अकोल्याची. घरात कमी बोलते, पण त्या दिवशी बोलली. "तुमच्या जागलीच्या गोष्टी आयकू आयकू कान किटले. मले कोनं नेलं कदी जागलीले?"

यावर काय बोलणार! आमच्याकडे निंदण बायांचं, कापूस वेचणं बायांचं, सोंगणीतही त्याच पुढे. रात्र तेवढी पुरुषांची. माझी आई त्या शेतात जन्मभर वाकली, पण त्या शेतावरचं रात्रीचं आभाळ तिनं पाहिलेलं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते कधी डोक्यातच आलं नव्हतं.

फेब्रुवारीत निघालो. अमरावती-अकोला रस्ता आता लोण्यासारखा. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस बुकात नोंद झाली होती. (गावातून या रस्त्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, त्याची नोंद कुठल्याच बुकात नाही.) पातूर, मालेगाव, पुढे समृद्धी महामार्ग, मग पुणे, कऱ्हाड आणि कोयनानगरवरून कुंभार्ली घाट. घाट उतरताना काचा खाली केल्या आणि दमट वारा आत आला, तेव्हा कुठे आपण वऱ्हाडातून बाहेर पडल्याची खात्री झाली.

गुहागरला समुद्रामागच्या एका वाडीत तंबूला जागा मिळाली. मी ऐटीत दोन माडांच्या मधोमध खुंट्या ठोकायला घेतल्या. वाडीवाले आजोबा लांबूनच ओरडले, "माडाखाली नको! चिकूखाली लावा." वर बघितलं तर नारळांचे घड लटकलेले. मचाण बांधणाऱ्याला हे कोण शिकवणार?

दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ विचारून दक्षिणेला हेदवीला गेलो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कड्यात एक अरुंद चीर आहे, बामणघळ. लाट तिच्यात घुसते, क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग आतून गडगडत पाण्याचा फवारा उंच उसळतो. मला मात्र पाण्यापेक्षा खडकानं धरून ठेवलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर झिजून आमची काळी जमीन झाली. त्याच लाव्हाचा हा काळा पाषाण इथं लाटांचा मार खात उभा आहे. बायको म्हणाली, "मग सासरीच आली म्हना मी."

माझं मत हललं ते मात्र गुहागरच्या वाळूवर, त्याच रात्री. झोप येईना म्हणून दोघं किनाऱ्यावर गेलो. अंधारातून आवाज आला, "बॅटरी बंद करा हो!" कासवमित्र होता. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात रात्री अंडी घालायला येतात. कुत्री-कोल्ह्यांनी घरटी उकरण्याआधी ती शोधायची आणि अंडी जाळीच्या कुंपणात नेऊन पुरायची, हे त्याचं काम. उजेडानं मादी बिचकून परत फिरते, पिल्लांची दिशा चुकते. त्यानं वाळूतला माग दाखवला. ट्रॅक्टर पाण्यातून वर येऊन परत गेल्यासारखा. काठी हलकेच खुपसत तो भुसभुशीत जागा शोधत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथंच दोन माद्यांना उपग्रह ट्रान्समीटर लावले, बागेश्री आणि गुहा. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलट, २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये याच वाळूत अंडी घालून गेली.

मी त्याला डुकरांचं सांगितलं, त्यानं माकडांचं. दोन जागले भेटले की दुसरं काय बोलणार! बायको मात्र आमचं ऐकतच नव्हती. ती वाळूवर पाठ टेकून पडली होती. पहाटे तिला उठायचं नव्हतं, चहा टाकायचा नव्हता, कोणाचा डबा नव्हता. मी तिच्या शेजारी आडवा झालो आणि बऱ्याच वेळानं ध्यानात आलं की खसखस ऐकायला माझे कान टवकारलेलेच होते. इथं राखायला माझं काही नव्हतं. मग ते सैल पडले.

आता तंबूला मी हसत नाही. पण सगळंच पटलंय असंही नाही. किनाऱ्यावर शेकोट्या, झगझगीत दिवे आणि मोठ्यानं गाणी लावणाऱ्या तंबूंच्या वसाहती बघितल्या की मला अजूनही बाबांचंच बरोबर वाटतं. शिवाय वाळू: ती गादीत, कानात, भाकरीत, आणि अमरावतीला आल्यावर गाडीच्या डिक्कीतसुद्धा.

पुढची सहल मूल्कीची ठरली आहे. बायकोनं पोहण्याचा क्लास लावला आहे. मी गुडघ्याच्या वर पाण्यात जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवलंय. चपला आणि मोबाईल राखायला काठावर कोणीतरी लागतंच.