छत कोरडं, पायाखाली पाणी

फळछाटणीच्या गडबडीत पंधरा-वीस दिवस पेजवर काही लिहिणं झालं नाही. डोळे मागंपुढं फुटल्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, त्याचं पुढच्या खेपेला लिहितो. आज गाडीचं लिहितोय. आपल्या भागात बेदाण्याला दर लागला की पहिली गाडी येते, आणि हल्ली गाडी घ्यायची म्हटलं की पोरांना छताला काच पाहिजेच. ते सनरूफ. काच उघडून कोण कधी उभं राहतं देव जाणे, पण गळायला लागलं की सगळ्या घराला कामाला लावतं.

आमची गाडी जुनी घेतलेली आहे, सेकंडहँड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार कुठल्याही कंपनीच्या गाडीत होतो. गेल्या पावसाळ्यात डाव्या बाजूला, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढं, पाय ठेवतो तिथं ओल दिसायला लागली. आधी नुसता कुबट वास. मग मॅट उचललं तर खाली चिखलात पाय दिल्यासारखं गालिच्यातनं पाणी वर यायचं. गालिच्याखाली बोटभर जाडीचा फोम असतो, तो पाणी धरून ठेवतो. वरनं हात फिरवला तर नुसतं दमट लागतं, दाबलं की पाणी.

आमच्या आईचं आठवड्यातनं दोनदा मिरजेला डायलिसिस असतं. ती त्याच सीटवर बसते. महिनाभर पायाखाली पोतं टाकून, त्यावर पाय ठेवून बसली. एकदा म्हणाली, "गाडीत पानी हाय, आन् हिरीत न्हाई." आम्ही हसलो. पण भाद्रपदात एका संध्याकाळी मिरजेहून येताना गाडी चालता चालता बंद पडली. आधी एअरबॅगचा दिवा लागला, मग इंजिनच गेलं. डायलिसिस करून आलेलं माणूस किती गळून गेलेलं असतं ते ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. चाळीस मिनिटं रस्त्याकडेला काढली, भावकीतल्या एकाचा पिकअप आला तेव्हा घर गाठलं. दुसऱ्या दिवशी कळलं, गालिच्याखालनं जाणाऱ्या वायरी भिजून पेट्रोल पंपाचा फ्यूज उडालेला. तोपर्यंत हा प्रकार वासाचा आणि ओलीचा होता. त्या दिवसापासनं तो आईला वेळेवर पोचवण्याचा झाला.

त्याआधी तीन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. पहिला म्हणाला एसीचं पाणी. हे सांगणं चुकीचं नव्हतं. एसीच्या पेटीत हवेतली वाफ थंड होऊन पाणी सुटतं, ते एका नळीनं गाडीखाली पडतं, आणि ती नळी तुंबली की पाणी डाव्या बाजूलाच आत येतं. त्यानं नळी साफ केली. मग आम्ही आठ दिवस एसीच लावला नाही. पाऊस आला आणि तरी पाणी आलं, म्हणजे एसी सुटला. दुसऱ्यानं पुढच्या काचेच्या कडेनं काळं सिलिकॉन मारलं. तिसऱ्यानं छताच्या आतलं कापड दाबून बघितलं, कोरडं निघालं. म्हणाला, "छत कोरडं आहे, सनरूफचं नाही." तरी जाता जाता सनरूफच्या कोपऱ्यातल्या भोकांत कंप्रेसरची हवा मारली आणि आता साफ झालं म्हणाला. त्यानंतर ओलीच्या जागी चक्क तळं साचायला लागलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. चौथ्या एका मोठ्या गॅरेजनं सगळं सनरूफच बदला म्हणून 45,000 चा अंदाज काढून दिला. कुठनं गळतंय ते मात्र त्यालाही सांगता आलं नाही.

मग फवारणीच्या वहीचं मागचं पान घेतलं. आपल्याकडं पर्जन्यमापक आहेच. पाऊस किती मिलिमीटर, किती वेळ पडला, गाडी कुठं उभी होती, तोंड कुणीकडं होतं, आणि सकाळी पायाखाली किती ओल, एवढं लिहायला लागलो. गालिच्याखाली जुन्या पेपरच्या पट्ट्या घालायच्या आणि सकाळी काढून बघायच्या. तीन आठवड्यांत सात पाऊस झाले. 42 मिलिमीटर पडला त्या रात्री पट्टी कोरडी. 11 मिलिमीटरला चिंब. धाकटा म्हणाला, पप्पा, ह्याला काही अर्थ नाही. पण तोंडाचा रकाना बघितल्यावर अर्थ लागला. 42 ला गाडीचं तोंड रस्त्याकडं होतं, 11 ला शेडकडं. आमचं अंगण शेडकडं उतरतं आहे आणि थोडं डावीकडं कललेलं. गाडीचं तोंड खाली असलं की पाणी, वर असलं की काही नाही. वॉशिंग सेंटरवर एकदाही पाणी का आलं नाही तेही कळलं, तिथला रॅम्प चढाचा आहे.

इथं सनरूफ कसं असतं ते थोडं सांगतो, कारण बऱ्याच जणांची समजूत वेगळी असते. काचेच्या भोवतीचं रबर सगळं पाणी अडवतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. थोडं पाणी रबराखालनं आत येणारच, हे धरूनच ते बनवलेलं असतं. काचेखाली चौकटीला पन्हाळीसारखी एक खाच असते, आत आलेलं पाणी तिच्यात साचतं. पन्हाळीच्या कोपऱ्यांना नळ्या, बहुतेक गाड्यांत चार. पुढच्या दोन नळ्या काचेच्या बाजूच्या खांबातनं खाली उतरतात आणि आमच्या गाडीत दाराच्या बिजागरीजवळ बाहेर सोडल्यात. मागच्या दोन मागल्या खांबातनं बंपरकडं. म्हणजे सरळ ठिबकचा संच. पन्हाळ ही सबमेन, नळ्या लॅटरल. त्यामुळं रबरावर बाहेरनं सिलिकॉन फासून काही होत नाही. नळ्या वाहत्या पाहिजेत.

आता छत कोरडं का, तर पाणी पन्हाळीतनं वर ओसंडतच नव्हतं. ते नळीत जात होतं. नळीचं वरचं तोंड तुंबलं असतं तर पन्हाळ भरून छताचं कापड भिजलं असतं. कापड कोरडं आणि जमीन ओली, म्हणजे भानगड नळीत, मधे नाहीतर खाली. तिसऱ्यानं बघितलेलं बरोबर होतं, त्यावरनं काढलेला अर्थ उलटा.

तपासायला काही यंत्र लागलं नाही. डॉक्टरांनी आईचं दिवसाचं पाणी ठरवून दिलंय, ते मोजायला घरात लिटरची खुणा असलेली बाटली आहे. ती घेतली. काच उघडली, आणि एकेका कोपऱ्यात सावकाश, धार बारीक ठेवून, एक एक लिटर पाणी ओतलं. खाली धाकटा पाटी घेऊन बसलेला. मागचे दोन्ही कोपरे, ओतलं तेवढं जवळजवळ सगळं खाली. पुढचा उजवा, तसाच. पुढच्या डाव्याला बिजागरीजवळनं चार थेंब ठिबकले आणि थांबलं. एक लिटर आत, बाहेर चहाचा अर्धा कपसुद्धा नाही. वीस मिनिटांचं काम होतं. चार गॅरेज फिरलो, एकानंही पाणी ओतून बघितलं नव्हतं, त्याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचं काम ट्रॅक्टरची वायरिंग करणाऱ्या आपल्या गावच्याच कारागिराला हाताशी घेऊन केलं. एक सांगतो, त्या खांबाच्या प्लास्टिकमागं बऱ्याच गाड्यांत पडद्याची एअरबॅग असते. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय तिथं हात घालू नका, आणि माहीतगार माणूस नसेल तर घालूच नका.

खांबाचं कव्हर काढल्यावर सगळं उघडं पडलं. नळीच्या खालच्या टोकाला रबरी बूच असतं, चिरलेल्या ओठासारखं, पाणी बाहेर जावं पण धूळ-किडा आत येऊ नये म्हणून. त्याच्या तोंडात मातीचा गोळा बसलेला. कुंभारमाशी स्प्रिंकलरच्या नोझलात घर करते ना, तसलाच, त्यावर बेदाणा शेडची धूळ थापलेली. आणि डॅशबोर्डच्या मागं, नळीचा जिथं कोपराला जोड आहे, तिथनं नळी निसटलेली. खालचं तोंड बंद आणि वरनं कंप्रेसरची हवा! ठिबकवाल्यांना ह्याचं आणखी काही सांगायला नको. एंड कॅप लावलेली असताना प्रेशर वाढवलं की ग्रोमेट उडतंच. आधी तुंबलेल्या नळीतनं जोडातनं नुसतं पाझरत होतं, म्हणून ओल. हवा मारल्यावर जोड सुटला, म्हणून तळं.

बूच काढून धुतलं. नळीत ग्रासकटरची नायलॉन दोरी खालनं वर हळू घातली, टोक आधी घासून गोल करून, नाहीतर नळी आतनं फाटते. मग इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं पाणी. नळी जोडावर पुन्हा चढवून क्लिप मारली. कव्हर लावायच्या आधी परत एक लिटर ओतलं, पाटीत आलं.

खरा वेळ गेला तो वाळवण्यात. सीटा काढून गालिचा बाहेर घेतला. पॅकहाऊसच्या काट्यावर ठेवला, 27 किलो. बाहेर परतीचा पाऊस, ऊन नाही. बेदाणा शेड ह्या दिवसांत रिकामीच असते, तिथल्या जाळीवर पसरला, वारा आरपार. पाच दिवसांनी 19 किलो भरला. म्हणजे आठ लिटर पाणी आम्ही महिनाभर मिरजेला नेत-आणत होतो. घाई करून वरनं वाळला म्हणून बसवला असता तर फोम आतनं कुजला असता. वायरींच्या जोडांवर मोरचुदासारखा हिरवानिळा थर होता. दोन जोड बदलले, बाकीचे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून घासले. एअरबॅगचा दिवा स्कॅनर लावून घालवावा लागला, नाहीतर तो आपोआप जात नाही. कारागिराची मजुरी धरून सगळा खर्च 2,600 रुपये.

आता नळ्यांची तपासणी ठिबकच्या फ्लशिंगबरोबरच घेतो, एकदा बेदाण्याची धूळ संपल्यावर मिरगाच्या आधी, एकदा दिवाळीच्या सुमारास. लिटरभर पाणी आणि एक पाटी. गाडी कडुलिंबाखाली लावणाऱ्यांनी जरा जास्त वेळा बघा, ती बारीक पानं बरोबर त्या भोकात जाऊन बसतात.

परवा रात्री 34 मिलिमीटर झाला. गाडी मुद्दाम शेडकडं तोंड करून लावली होती. सकाळी पट्टी काढली, कोरडी, पेपरातली बातमी वाचता येत होती. गुरुवारी आईनं पोतं घरीच ठेवलं. वास अजून थोडा आहे, काचा उघड्या ठेवल्या की जाईल. काच सरकताना उजवीकडनं कर्र आवाज येतो, तो आता ह्या रविवारी बघायचा आहे.