गाडीची शेंडी

आमच्या गाडीविषयी घरातल्या तिघांची तीन मते आहेत. सौ. म्हणते, “विकून टाका.” चिरंजीव म्हणतात, “घेणार कोण?” आणि मी काहीच म्हणत नाही, रविवारी सकाळी फडके घेऊन ती पुसत बसतो. गाडी जपानी बनावटीची, १९९१ सालची. अमेरिकेत, न्यू जर्सीला आल्यावर १९९६ साली मी ती घेतली तीच मुळी जुनी म्हणून. आता तिची तिशी केव्हाच उलटली आहे. माणसाची तिशी म्हणजे तारुण्य. गाडीची तिशी म्हणजे सहस्रचंद्रदर्शनच!

या गाडीला एक शेंडी आहे. शेंडी म्हणजे रेडिओची एरियल. हल्लीच्या गाड्यांची एरियल मागच्या काचेत दडलेली असते, नाहीतर टपावर माशाच्या परासारखी बसवलेली असते. आमच्या गाडीचे तसे नाही. रेडिओ लावला, की मागच्या मडगार्डातून घर्रर्र असा बारीक आवाज येतो आणि एकात एक बसलेल्या चकचकीत नळ्यांची दांडी सावकाश वर येते. पाऊण मीटर उंच झाली, की थांबते. ही उंची उगीच नव्हे. एफ. एम. रेडिओच्या लहरींची लांबी सुमारे ३ मीटर असते आणि तिच्या चौथाईएवढी दांडी त्या लहरी नीट पकडते. रेडिओ बंद केला, की दांडी पुन्हा घर्रर्र करीत गाडीच्या पोटात गडप!

१९९८ च्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून इथे आले होते. न्यू यॉर्कच्या उंच इमारती पाहून ते नुसते “हं” म्हणाले. पण ही शेंडी पाहून खुलले. गाडीच्या मागे हात पाठीशी बांधून उभे राहत आणि मला सांगत, “लाव बघू रेडिओ... आली शेंडी! आता बंद कर... गेली!” असे चार-चार वेळा चाले. मला शेजाऱ्यांची लाज वाटे.

एरियलशी अण्णांचे जुने नाते होते. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुण्यातही चित्र दिसू लागले. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी संच आला तो त्यानंतर काही वर्षांनी. कावळे एरियलवर बसत, तिचे तोंड भलतीकडे फिरे आणि चित्र बिघडे. मग अण्णा धोतर खोचून कौलांवर चढत. मी खाली संचासमोर.

“आता?”

“नाही!”

“आता?”

“नुसत्या मुंग्या आहेत!”

“आता?”

“आलं, आलं! हलवू नका!”

अण्णा मितभाषी. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही ते अवाक्षर बोलत नसत. कौलांवरून चालणाऱ्या या संवादाइतके सलग आम्ही दोघे दुसऱ्या कशाविषयी बोललो असू, असे मला आठवत नाही. अण्णा २००९ साली गेले. तेव्हापासून रेडिओ लावला, की माझे लक्ष आधी आरशात, वर येणाऱ्या दांडीकडे जाई.

ती दांडी गेल्या मे महिन्यात तुटली, आणि दोष सर्वस्वी माझा. चिरंजीव कॉलेजातून सुट्टीवर आले होते. आम्ही दोघे गाडी धुवायला निघालो. वाटेत त्याने सांगितले, की इंजिनियरिंगची दोन वर्षे झाली तेवढी पुरे. आपण आता सुतारकाम शिकणार. त्यावर मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. बोलण्याच्या भरात रेडिओ बंद करायचा राहिला. गाडी धुण्याच्या यंत्रात शिरली, फिरत्या ब्रशांनी शेंडी धरली आणि विळ्यासारखी वाकवली. मी घाबरून रेडिओ बंद केला, ते तर फारच वाईट झाले. आतली मोटर ती वाकडी दांडी ओढू लागली. ‘कट्’ असा आवाज झाला आणि मग नुसतीच घरघर.

त्या दिवसापासून आम्हा दोघांचे बोलणेही तुटले. तीन आठवडे सगळा व्यवहार सौ.मार्फत. “त्याला विचार, जेवायला आहे का.” “बाबाला सांग, नाहीये.” मधल्या मधे तिचे मात्र हाल.

गॅरेजवाला म्हणाला, “या गाडीवर एवढा खर्च कशाला? रबराची लहानशी दांडी बसवून देतो.” हिशेबाने त्याचे बरोबर होते. पण मी ठरवले, शेंडी तुटो की पारंबी तुटो, ही आपण दुरुस्त करायचीच. त्यातली शेंडी तर आधीच तुटली होती.

अशा गाड्यांसाठी नुसती दांडी वेगळी मिळते. तिच्या बुडाला नायलॉनची लांब दोरी असते. दोरी कसली, लवचीक करवतच ती. एका अंगाला बारीक दाते असतात. मोटरचे दातेरी चाक ते दाते धरून दोरी वर ढकलते, नाहीतर खाली ओढून तिचे वेटोळे करून ठेवते. एका रविवारी मी डिकीतले अस्तर काढले, मोटरचा डबा सोडवला आणि उघडला. आत जुन्या दोरीचा तुकडा अडकला होता आणि तीस वर्षांचे ग्रीस गुळाच्या खड्यासारखे घट्ट झाले होते. तुकडा चिमट्याने काढला, ग्रीस पुसून नवे बोटभर लावले, आणि डबा जागच्या जागी बसवला.

इथवरचे काम एकट्याचे. पुढचे मात्र एकट्याला होत नाही. नवी दोरी वरून भोकात सोडून धरायला बाहेर एक माणूस हवा, आणि ऐन वेळी रेडिओचे बटण दाबायला आत दुसरा. मी सौ.ला हाक मारली. ती आतूनच म्हणाली, “माझे हात कणकेत आहेत. त्याला पाठवते.” दुपारी तीन वाजता कणीक कशासाठी, हे मी विचारले नाही.

चिरंजीव न बोलता येऊन गाडीत बसले.

“लाव!” मी ओरडलो. “आता बंद!”

मोटर फिरली, पण दोरी जागची हलेना. तीनदा हेच झाले. मग दार उघडल्याचा आवाज आला. त्याने माझ्या हातून दोरी घेतली, डोळे बारीक करून दात्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, “बाबा, दाते चाकाकडे नाहीत. उलटी धरली आहेस.”

तीन आठवड्यांतले हे त्याचे पहिले वाक्य, आणि तेही माझी चूक काढणारे! पण त्याचे बोट दात्यांवरून किती हलके फिरले, ते मी पाहिले होते. अण्णांच्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीइतकेच मौन राखून मी ते मनात ठेवले. एवढेच म्हणालो, “मग तूच धर. मी आत बसतो.”

असा मी साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा आत, बटणापाशी जाऊन बसलो. बाहेरून हाक आली, “बंद कर!”

“आता?” मी विचारले.

“नाही! पुन्हा लाव... बंद!”

“आता?”

“धरली, धरली! जातेय आत!”

घर्रर्र करीत शेंडी पोटात गेली. त्याने वरचा नट आवळला आणि मला पुन्हा रेडिओ लावायला सांगितले. मग बंद. मग पुन्हा. आरशात पाहिले, तर स्वारी हात पाठीशी बांधून उभी होती. समोरच्या घरातले गृहस्थ खिडकीतून पाहत होते. या वेळी मला त्यांची लाज वाटली नाही.

रेडिओवर कुठल्याशा रस्त्यावरच्या गर्दीची बातमी चालली होती. मी काच खाली करून विचारले, “ते सुतारकाम शिकायला किती वर्षं लागतात रे?”

“सांगतो,” तो म्हणाला. “आधी बंद कर. परत एकदा बघू दे.”