पाण्याची पंगत

आमच्या घरी उन्हाळ्यात पंगत बसते ती पाण्याची. आधी माणसं, मग दावणीची जनावरं, मग कोंबड्या, मग परड्यातली लिंबोणी आणि सगळ्यांत शेवटी, काही उरलंच तर, डाळिंबाची बाग. हा क्रम आईनं लावलेला. तिला तो सासूकडून मिळाला आणि सासूला बहुधा बहात्तरच्या दुष्काळानं शिकवला. या पंगतीत कुणी उठून वरच्या पाटावर जाऊन बसत नाही, कुणाला दोनदा वाढलं जात नाही. पाहुण्याला मात्र तांब्या काठोकाठ भरून मिळतो. त्यातला अर्धा पिऊन उरलेला तो अंगणात फेकून देणारा असला, तर पाहुणा कुठला ते आईला विचारावं लागत नाही.

गाव आटपाडी तालुक्यातलं, माण तालुक्याच्या शिवेला लागून. सह्याद्रीनं पाऊस अडवायचं काम फार मन लावून केलंय. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये ५०० सुद्धा पुरे होत नाहीत. मृगात आमच्याकडं वारा असतो. ढग येतात, थोडं थांबल्यासारखं करतात आणि पुढच्या गावाला जातात. आमचा खरा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्ताचा. त्याच्या ओलीवर शाळू उभा राहतो. तो पाऊस चुकला की दिवाळीच्या फराळातच पुढचा वैशाख दिसायला लागतो. मग कडब्याच्या गंजीकडं बघायची नजर बदलते. येता-जाता माणूस पेंढ्या मोजतो. काल मोजल्या होत्या हे माहीत असून मोजतो.

पुस्तकातून माणदेश ओळखणाऱ्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचलेली असते. तिच्या शेवटी दुष्काळानं वाडी रिकामी होते. आता तसं सगळं गाव उठून जात नाही. घरटी एक जण जातो. आमच्या खानापूर-आटपाडीकडची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सराफकट्ट्यामागच्या अंधाऱ्या खोलीत भट्टी पेटवून जुनं सोनं-चांदी गाळायची, तेजाबाचा धूर छातीत घ्यायचा आणि महिन्याला गावी पैसे धाडायचे. माझा धाकटा भाऊ तिकडं तमिळ मुलखात हेच करतो. त्याच्या पैशावर इथं बागेला विकतचा टँकर येतो. इकडं ऊन वाढलं की तो फोनवर विचारतो, “दादा, किती झालं?” मी म्हणतो, बेचाळीस. तो हसतो. भट्टीपुढं बसणाऱ्याला बेचाळीस काय सांगायचे.

उन्हाचं मात्र सांगायला पाहिजे, कारण दुष्काळाच्या बातमीत ते नीट येत नाही. बातमीत आकडा येतो. रानात सकाळी अकराच्या पुढं आवाज बंद होतात. माळावरचा मुरूम पायताणातून भाजतो. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभी राहतात, सावली तेवढीच. कावळा चोच वासून बसतो आणि हाकलला तरी उडत नाही. खालच्या काळ्या पट्टीला भेगा पडतात, त्यांत पोरगं कोपरापर्यंत हात घालतं. मी विचारतो, “गार लागतंय का?” गार लागलं तर खाली अजून ओल आहे. चैत्रात ते “व्हय” म्हणतं. वैशाखात नुसता हात बाहेर काढून झटकतं. या सगळ्यात कडुनिंब तेवढा हिरवागार असतो. त्याच्याखाली म्हाताऱ्यांची बैठक बसते आणि तिथं पावसाचा प्रत्येक अंदाज एकदा तरी खोटा ठरवला जातो. यंदा नक्षत्राचं वाहन कोणतं, गाढव का बेडूक, यावर दुपार निघते. हवामान खात्यावर त्यांचा विश्वास नाही आणि पंचांगावरही नाही, पण वाद घालायला दोन्ही लागतात.

टंचाईत सरकारी टँकरचा हिशेब माणशी रोज २० लिटरांचा. तेवढ्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं सगळं. पूर्वी टँकर गावविहिरीत ओतायचे. मग काठावरून पोहरे सुटायचे आणि पाणी वर येईतो त्याचा गाळ झालेला असायचा. आता काळ्या टाक्या आहेत, पण दुपारभर उन्हात तापलेलं त्यातलं पाणी चहाला अर्धं उकळूनच येतं. नंबर हंड्यांचे लागतात, माणसांचे नाही. आमच्या हंड्यावर तांबड्या रंगानं बापाचं नाव आहे. ते वारले, हंडा अजून त्यांच्या नावानं रांगेत उभा असतो.

घरात आलेलं पाणी लगेच मरत नाही. आंघोळ बाजेवर बसून करायची, खाली घमेलं. घमेल्यातल्या पाण्यात धुणं. धुण्याचं पाणी शेणकुट्यात नाहीतर अंगणाच्या सड्याला. आंघोळीला साबण लावला नसेल तर तेच पाणी लिंबोणीला, म्हणून साबण सोमवारी आणि गुरुवारी. भांडी राखेनं कोरडीच घासून फडक्यानं पुसायची. माझी बायको लग्न होऊन आली ती बारमाही कॅनॉलच्या गावातून. पहिल्या उन्हाळ्यात तिनं हे सगळं बघितलं आणि काही बोलली नाही. आता आईपेक्षा कडक तीच आहे.

दावणीला दोन गाई. एक खिलार, एक जर्सी. खिलार इथलीच, तिच्या जातीनं हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. दुपारी ती डोळे मिटून रवंथ करत उभी राहते. जर्सी जीभ बाहेर काढून धापा टाकते. संकरित दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ७०-८० लिटर पाणी सहज पिते. बायकोनं एकदा हिशेब मांडला, “आत्या, ही एकटी चार माणसांचं पाणी पिती.”

“पिऊ दे,” आई म्हणाली. “टँकर कधी येतो ते तिला ठावं हाय का?”

दोघींचंही बरोबर आहे. ऊन वाढलं की दूध उतरतं. दूध उतरलं की डेअरीचा पगार उतरतो, आणि त्या पगारावरच तर पेंडीचं पोतं आणायचं असतं. गाय विकावी तर दुष्काळात बाजार पडलेला असतो. कारण तुम्ही विकायला काढता त्याच आठवड्यात सगळा तालुका विकायला काढतो. हे गणित शाळेत शिकवत नाहीत, पण खरसुंडीच्या बाजारात कुणालाही विचारा, तोंडी सोडवून देईल.

बागेचं दुखणं वेगळं. डाळिंबाला पाणी कमी पडलं की आधी फुलं गळतात, मग लिंबाएवढं झालेलं फळ गळतं, आणि जे झाडावर टिकतं ते पश्चिमेच्या बाजूनं भाजतं. सालीवर तपकिरी चट्टा उठतो. व्यापारी तो क्रेट बाजूला ठेवतो आणि तोंडानं काही बोलत नाही. म्हणून आमच्याकडं झाडांना साड्या नेसवतात. बाजारात जुन्या साड्या किलोवर मिळतात. त्या आणायच्या, तारेवर टाकून ओळीच्या ओळी झाकायच्या. वैशाखात सांगोल्याकडं किंवा आमच्याकडं आलात तर उघड्याबोडक्या माळावर एकदम जांभळी, पोपटी, राणी रंगाची बाग दिसेल. वारा आला की सगळे पदर एकदम उडतात. आई त्या साड्या उलगडून बघते. कुठल्या नायलॉनच्या, कुठली कुणाच्या लग्नातली असावी, हळदीचा डाग कुठं राहिलाय. एक निळी जरीची तिनं बाजूला काढून ठेवली. “ही झाडाला नको,” एवढंच म्हणाली. ती अजून कणगीवर घडी करून आहे.

साडी उन्हाला अडवते. मुळाला पाणीच लागतं. मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकनं रोज ३०-४० लिटर द्यावं लागतं, म्हणजे एक झाड माणसाच्या दीडपट-दुप्पट पितं. हा विचार एकदा डोक्यात शिरला की बागेतून मोकळ्या मनानं फिरता येत नाही. मग निवड सुरू होते. कुठल्या ओळी ठेवायच्या, कुठल्या सोडायच्या? जुनी झाडं पाच वर्षं पोसलेली, पण तेलकट डागाचा रोग त्यांच्यावरच आधी येतो. नवी झाडं निरोगी, पण मुळं वरवर. भाऊ फोनवरून सांगतो जुनी ठेव, कारण कर्ज त्यांच्यावर काढलंय. मी फळं तोडून टाकतो, झाड खोल छाटतो, बुडाला पाचट अंथरतो. फळाची आशा सोडली की झाडाला थोडक्यात जगता येतं. बँकेला ही सवलत मान्य नाही.

शेजारच्या नानांनी निवड केली नाही, बोअर घेतला. पाणाडी तळहातावर नारळ आडवा धरून रान फिरला; नारळ जिथं उभा राहिला तिथं दगड ठेवला. तमिळनाडूच्या नंबरची बोअरची गाडी आली. आमच्या रानाच्या पोटात सगळा काळा पत्थर. पाणी असलंच तर वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात, त्याच्या खाली चीर सापडली तर नशीब. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाता येत नाही. हा कायदा गाडीवाल्याला ठाऊक नव्हता आणि नानांना आठवला नाही. रात्रभर घरघर चालली. सातशे फुटांवर पांढरा फुफाटा उडत होता. पहाटे नानांनी केसिंग पाइपवर पालथं घमेलं ठेवलं आणि त्यावर धोंडा.

म्हातारी माणसं म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं. आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडी खायची, अमेरिकेच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापायची. पण चाळीस-पन्नास फुटांच्या विहिरीत घागर बुडायची. आता रेशनवर गहू-तांदूळ आहे आणि विहिरीत कबुतरं आहेत. मधल्या काळात पाऊस फार बदललेला नाही. खाली जायची ताकद बदलली, आणि वर ऊस आला.

उसाबद्दल मला सरळ रागावता येत नाही. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी काढली, ती वर्ष उलटलं तरी चालू होती. आम्ही गाई तिथंच नेल्या. सरकारी मापानं मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो चारा, लहानाला निम्मा. दावणीला दावण लागलेली, वर साड्यांचे आणि पोत्यांचे मांडव, त्यात माणसं महिनोन् महिने राहत होती. पोरं गाईच्या पाठीला टेकून अभ्यास करायची. संध्याकाळी चुलींतून धूर निघाला की ते गावच वाटायचं. आणि चारा होता उसाचा. कृष्णाकाठच्या, नदी पिऊन वाढलेल्या उसाचं वाढं आमच्या गाईंच्या पुढ्यात पडत होतं. नुसतं वाढं खाऊन जनावराच्या अंगातला चुना उतरतो, म्हणून चुन्याची निवळी पाजायची. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीत ऊस शंभरात चारेक एकर, पण सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी त्याच्या वाट्याला. पंगतीत पहिल्या पाटावर बसलेल्याचं उष्टं आम्हाला आलं. आमच्या गाई त्यावर जगल्या, हेही खरं.

मोठी पंगत कशी वाढली जाते ते बघायला लांब जायला नको. १८७६ च्या दुष्काळात इंग्रजांनी माणगंगेवर राजेवाडीचा तलाव दुष्काळी काम म्हणून काढला. त्याची बुडीत जमीन एका तालुक्यात, भिंत दुसऱ्यात आणि पाणी तिसऱ्यात, सांगोल्याला. त्याच्या काठावर टँकरची वाट बघणारी घरं आहेत.

याहून वेगळं वाढणारी माणसंही याच मुलखात झाली. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा केला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून रिकाम्या हातानं परतलेले कामगार त्यात होते. त्यांनी ठरवलं की ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हिस्सा. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. नागनाथअण्णा नायकवडींनी १३ दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथं गोळा केली आणि मागणी मांडली ती समान वाटपाची. आईनं आयुष्यात भाषण ऐकलं नाही, पण घरात तिचा नियम तोच: तोंडं बघून वाढायचं, कुणाचं रान किती ते बघून नाही. टेंभूजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत आता तालुक्यात आलंय. जिथं पोचलं तिथं काही रानांत उसाचे कोंभही दिसायला लागले. आमचं रान वर माळाला आहे, तिथं ते चढत नाही. माझं मत विचाराल तर ते कुठवर चढतं हा प्रश्न नंतरचा; पाणी सातबाऱ्याच्या एकरांवर वाटणं आधी बंद व्हायला पाहिजे.

यंदा बागेच्या जुन्या ओळी आम्ही सोडल्यात, नव्या ठेवल्यात. भाऊ अजून रागात आहे. खिलार विकायची नाही, असं आईनं सांगून टाकलंय. जर्सी मात्र द्यायची आहे. वेत तिसरं, अंगानं गरीब, दूध सध्या उतरलेलं आहे हे आधीच सांगतो. बारमाही पाण्याच्या गावातलं गिऱ्हाईक असेल तर पाठवून द्या; भावाचं जमवून घेऊ.