पोटमाळ्यावरचे घोडे

आता दोघांना एवढं मोठं घर कशाला, म्हणून आवराआवर काढली आहे. परवा पोटमाळ्यावर चढले (खाली शिडी धरून नवऱ्याचं "सांभाळून, सांभाळून" चालू होतं) आणि एक खोका हाती लागला. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'घोडे, १९९७'.

चिकटपट्टी काढली मात्र, व्हिनेगरचा भपकाराच आला!

लेकीचे खेळण्यातले घोडे. तिकडच्या मंडळींना सांगायला हवं, अमेरिकेत हे एक स्वतंत्र वेड आहे. १९५० मध्ये शिकागोच्या ब्रायर कंपनीने एका घड्याळवाल्यांसाठी प्लास्टिकचा घोडा बनवून दिला. घड्याळाला शोभा म्हणून. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला, आणि मग घोडेच घोडे झाले. मोठे घोडे खऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढे, आतून पोकळ, दोन अर्धी चिकटवून हाताने रंगवलेले. १९९० पासून केंटकीत त्यांची जत्राही भरते. मग इतरांनीही घोडे काढले. आमच्या लेकीकडे सगळ्या जातींचे होते.

ती तेरा वर्षांची झाली तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. अभ्यासाचं वय. ती शाळेत गेली असताना एकेक घोडा पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि सगळे वर नेऊन ठेवले. संध्याकाळी ती रडली, मग बोलायची बंद झाली. मी म्हटलं, "टाकले नाहीत गं, जपून ठेवलेत. पुढे तुझ्याच मुलांना होतील."

जपून! पांढरा घोडा आक्रसून गेला होता, पाय वाकडे झाले होते, अंगावर चिकट पाझर. इतर दोन-तीन त्याच वाटेवर. तसे दोन घोडे मात्र धडधाकट निघाले.

मग वाचत बसले. हे घोडे ज्या प्लास्टिकचे, ते सेल्युलोज अॅसिटेट. मुळात लाकडाचा किंवा कापसाचा गर. जुन्या सिनेमाच्या रिळांतही तेच असायचं, आणि त्या रिळांनाही असाच आंबट वास सुटतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्यातून आम्ल सुटायला लागतं. ते वाऱ्यावर उडून गेलं तर बरं. कोंडलं गेलं तर तेच उरलेल्याला खायला लागतं. न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात आमचा पोटमाळा म्हणजे भट्टी, आणि मी पिशव्यांची तोंडं आवळून बांधलेली. संग्राहक म्हणतात, १९८० च्या दशकाच्या शेवटच्या आणि ९० च्या सुरुवातीच्या काही घोड्यांत हा रोग जास्त. असेलही. पण भट्टीत घातले कोणी? मीच.

लेकीला फोन केला. वाटलं, ओरडेल. ती जरा वेळ गप्प, मग म्हणाली, "आई, तो चॉकलेटी इथेच आहे."

कोणता, ते लगेच आठवलं. शेजारच्या आजींच्या यार्ड सेलमधून दोन डॉलरला घेतलेला, १९६० च्या दशकातला चकचकीत घोडा. त्या दिवशी तो तिने उशीच्या अभ्र्यात लपवला होता, हे मला अठ्ठावीस वर्षांनी कळलं! कॉलेजात गेला, चार घरं फिरला. कानांचे रंग उडालेत, एका खुराचा टवका गेलाय. पण चारी पायांवर उभा आहे.

मी म्हणाले, "बघ, जुनं ते सोनं." तर म्हणते, "आई, त्याच्या वयाचे जे मोडले ते केव्हाच कचऱ्यात गेले. आपल्याला दिसतात ते फक्त उरलेले." इंजिनियर आहे ना, भावनेला लगेच हिशोब लावते. खरंच आहे म्हणा. जुना घोडा टिकला म्हणून जुने सगळे मजबूत, असं नाही. आणि नवे सगळे तकलादू असंही नाही, माझ्या खोक्यातही दोन शाबूत होतेच की.

पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. तिने लपवलेला घोडा रोज हातात होता, उघड्यावर होता. मी जपलेले कोंडून होते. आणि "जपून ठेवलेत" हे मी तिला किती अभिमानाने सांगितलं होतं. घोड्यांपुरतं नाही हो, तिच्या बाबतीत आणखीही काय काय असंच 'जपून' ठेवलं मी. असो.

रविवारी नात आली होती. सात वर्षांची. तिच्या वाढदिवसाचा नवा घोडा खोक्यातच. काचेसारख्या प्लास्टिकमधून बघायचा फक्त. "आजी, बाहेर काढला तर त्याची व्हॅल्यू जाते," असं तिला कोणीतरी सांगितलंय. आम्ही दोघींनी कात्रीने खोका फाडला. बारीक पाय, बारीक शेपटी, फार नाजूक काम आहे हो. अर्ध्या तासात तो जिन्यावरून पडला आणि कानाचं टोक गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता ओळखू येईल तुझा कोणता ते."