'बघूया'चा रंग

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, सिंधुदुर्गासह कोकणच्या पाच जिल्ह्यांसाठी. पण म्हणून कुणीही आपल्या पेटीवर ते चिन्ह छापू शकत नाही. प्रत्येक बागायतदाराला चेन्नईच्या कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. देवगड-जामसंड्याकडच्या साठ जणांचे अर्ज मेअखेर पाठवायचे, एवढंच माझ्याकडे काम होतं. पुण्यात पंधरा वर्षं सॉफ्टवेअरचे प्रकल्प हाकलेले, वर प्रकल्प व्यवस्थापनाची पीएमपी परीक्षा पास झालेलो. मी ती परीक्षा दिली तेव्हा ४२ टक्के प्रश्न माणसं सांभाळण्यावर होते. सगळे सोडवले होते.

ऐन तोडणीच्या दिवसांत सकाळी ११ची बैठक लावली. चौघे आले. ही चूक निदान लगेच कळली.

दुसरी कळायला महिना गेला. सातबारा, आणि जमीन सामायिक असेल तर हिस्सेदारांची संमती कधी देता, असं विचारलं की उत्तर यायचं, "बघूया." मी तक्त्यात हिरवा रंग भरायचो. बघूया म्हणजे करूया, असं माझं पुणेरी गणित. एप्रिल उजाडला तरी कागद येईनात, तेव्हा तेच रकाने लाल केले आणि तक्ता नावांसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वर एका वडीलधाऱ्या काकांना तिथंच विचारलं, "तुमचंच का अडलंय?" त्यांनी उत्तर दिलं नाही, ग्रुप सोडला. संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जण गेले. भांडण नाही, तंडण नाही. कुणी भांडलं असतं तर बरं, असं वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. काका पेंढ्यावर आंबे लावत होते. एकेक फळ तळव्यावर तोलायचे, देठाकडचा चीक फडक्यानं टिपायचे, मग त्याची रांग ठरायची. मी माफी मागितली. ते आंबे लावतच राहिले. कोकम सरबत आलं, पावसाचा विषय निघाला, फुलकिड्यांचा निघाला. तासाभरानं, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कागद असा रे. पण तेच्यार पाच नावां. थोरल्याशी माझा बारा वर्सां बोलणा नाय. ता काय सगळ्यांच्या म्होरां सांगाचा?"

माझ्या तक्त्यात 'प्रलंबित कागदपत्रे' असा रकाना होता. बारा वर्षांच्या अबोल्याला त्यात जागा कुठली? उरलेल्या लाल घरांतही बहुतेक हेच निघालं. कुठं भाऊ, कुठं चुलती, कुठं मुंबईतला पुतण्या.

उठताना काकांनी थोरल्यांचा नंबर दिला, "माझा नाव सांगा नको" असं बजावून. रात्री लालबागला फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, यंदा मोहोर कसा होता ते विचारलं, धाकट्याची तब्येत विचारली. संमतीचं काढलं तेव्हा थोडा वेळ गप्प राहिले.

"चतुर्थीला येतो गावाक. बघूया."

मी तक्ता उघडला, मेअखेरची तारीख खोडली आणि त्या घरात कुठलाच रंग भरला नाही.