न वाचलेले प्रश्न

खासदार म्हणजे रेल्वेच्या कोट्याचं पत्र, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. मुंबईला जायचंय, वेटिंग लिस्ट सरकत नाही, मग संपर्क कार्यालयात जायचं आणि सही-शिक्क्याचं पत्र आणायचं. तिकीट कन्फर्म झालं की खासदार चांगला. लग्नाला आले, कुणी गेलं तर दारावर येऊन बसले, दवाखान्यात एक फोन केला, तर फारच चांगला. आमच्या खानदेशात खासदाराला आडनावानं कोणी हाक मारत नाही. ते अण्णा असतात, नाना असतात, भाऊ असतात, ताई असतात. घरच्या माणसाची हजेरी कोण मांडतं?

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण जे मांडत होते त्यांना मी हसायचो. अमुक खासदारानं इतके प्रश्न विचारले, तमुकाची हजेरी इतके टक्के, असं वर्तमानपत्रात आलं की मी पान उलटायचो. माझ्याजवळ त्यासाठी हुकमी कारण होतं, आणि ते माझ्याच जिल्ह्यानं मला दिलं होतं.

१२ डिसेंबर २००५ रोजी ‘आज तक’वर ‘कोब्रापोस्ट’नं छुप्या कॅमेऱ्यानं टिपलेली दृश्यं दाखवली गेली. लघुउद्योजकांची म्हणून एक बनावट संघटना उभी करून पत्रकार खासदारांकडे गेले होते. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार त्यात दिसले. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. त्या दहांत जळगावचे वाय. जी. महाजन होते आणि एरंडोलचे एम. के. अण्णा पाटीलही होते. अण्णा तर वाजपेयी सरकारात राज्यमंत्री राहिलेले. लोकसभेच्या दहांची पवनकुमार बन्सल यांच्या समितीनं चौकशी केली आणि २३ डिसेंबरला अकराही जणांचं सदस्यत्व गेलं. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती कारवाई कायम ठेवली. जळगाव जिल्ह्याला तेव्हा लोकसभेच्या दोनच जागा होत्या. दोन्ही रिकाम्या झाल्या.

केळी, सोनं आणि भरीत यांसाठी ओळखला जाणारा जिल्हा काही महिने वेगळ्याच कारणासाठी ओळखला गेला. बाहेरगावी कुणी ‘कुठले?’ विचारलं की उत्तर देताना जीभ अडखळायची. त्या शरमेतून मी एक वाक्य तयार केलं: प्रश्नच विकत मिळतात, तर ते मोजून काय करायचं? हे वाक्य मी पुढची पंधरा-सोळा वर्षं वापरलं. ऐकणारे मान डोलवायचे. मलाही आपण फार जाणते आहोत असं वाटायचं. खरं म्हणजे तो आळस होता आणि मी त्याला अनुभवाचं नाव दिलं होतं.

तडा गेला तो भलत्याच ठिकाणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं तीन कृषी कायदे मागे घेतले. त्या दिवसांत आम्ही धुळ्याला सासरवाडीत होतो. जेवणानंतर वाद रंगला. आमचे साडू शिंदखेडा तालुक्यातले, कापूस पिकवणारे. मी जोरात सांगत होतो की खानदेशातल्या चारही खासदारांनी या कायद्यांना मत दिलं होतं, आता त्यांना कुणी जाब विचारणार आहे की नाही? साडूंनी शांतपणे विचारलं, “पाहुणे, कुठं लिहिलंय ते दाखवा ना.”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच बघायचं होतं. मी म्हणालो, दाखवतो, आणि रात्री फोन घेऊन बसलो.

सापडेना. लोकसभेत १७ सप्टेंबर २०२० रोजी दोन मुख्य विधेयकं मंजूर झाली ती आवाजी मतदानानं. म्हणजे अध्यक्षांनी विचारायचं, बाजूच्यांनी ‘हो’ म्हणायचं, विरोधातल्यांनी ‘नाही’ म्हणायचं, आणि कोणता आवाज मोठा ते अध्यक्षांनी ठरवायचं. कुणी मतविभागणी मागितली आणि ती झाली तरच नावानिशी नोंद राहते. कायदे मागे घेण्याचं विधेयकही २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तसंच, चर्चेविना, एका दिवसात दोन्ही सभागृहांतून गेलं. ज्या कायद्यांसाठी शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले, ते आले आणि गेले, आणि दोन्ही वेळा माझ्या खासदाराचं नाव कुठल्याच बाजूला लिहिलेलं नव्हतं.

चौघेही एकाच पक्षाचे, पक्ष सत्तेत, तेव्हा माझा अंदाज चुकीचा असण्याची शक्यता कमीच. पण तो अंदाज होता. मी तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगत होतो. संसदेतली कुठली गोष्ट लिहिली जाते आणि कुठली लिहिली जात नाही, एवढंही मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मत दिलं, आणि ते पुढे कुठं जातं हे एकदाही पाहिलं नाही.

मत शोधताना प्रश्नांची यादी मात्र सापडली. खासदाराचं नाव घातलं की त्यानं विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं तारखेनुसार समोर. केळीचा पीकविमा, कापसाची खरेदी, रेल्वेचे थांबे, महामार्गाचं चौपदरीकरण. भाषा रुक्ष, उत्तरं लांबलचक. तरीही वाचत राहिलो. मग मनात आलं की २००५ चे प्रश्नही असेच मांडून ठेवलेले असणार.

इथे मी बराच वेळ अडकलो. कॅमेरा छुपा होता, प्रश्न छुपे नव्हते. संसदेत दिलेला प्रश्न सोडतीत निघाला की तो छापला जातो. तेव्हाही लोकसभेचं संकेतस्थळ होतं आणि आमच्या गोलाणी मार्केटमध्ये सायबर कॅफे होते. पत्रकारांनी काही प्रश्न तर मुद्दाम हास्यास्पद बनवले होते. एका प्रश्नातल्या जर्मन रेल्वे इंजिनाला इंग्रजी कादंबरीतल्या पात्राचं नाव दिलेलं होतं. कुठला प्रश्न कुणाच्या नावावर होता हा हिशेब मी इथे मांडत नाही. पण केळी-कापसाच्या मुलखातला खासदार हे का विचारतो, असं मतदारसंघातून एकानंही विचारलं नाही. विचारायला आधी वाचावं लागलं असतं. मालक वही उघडतच नाही हे गल्ल्यावरच्या माणसाला पक्कं ठाऊक असलं की पुढचं सोपं होतं. प्रश्न विकले गेले म्हणून मी वाचत नव्हतो, असं मी सांगत आलो. विकले गेले त्याआधी तरी मी कुठं वाचत होतो?

हा रोग जुना आहे. १९५१ मध्ये मुंबईचे एच. जी. मुद्गल सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडत असल्याचं उघड झालं, तेव्हा खुद्द नेहरूंनी त्यांच्या हकालपट्टीचा ठराव मांडला होता. तेव्हा पहिल्या सार्वत्रिक निवडणुकाही व्हायच्या होत्या. म्हणजे संसदेइतकंच तिच्यावर लक्ष ठेवण्याचं कामही जुनं. आम्हीच ते कुणावर तरी सोपवून मोकळे झालो.

आता मी मोजणाऱ्यांच्या गोटात गेलो आहे असंही नाही. नुसते आकडे फसवतात हे वाचायला लागल्यावरच कळलं. मंत्री प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तरं द्यायची असतात. त्यामुळे २०१६ ते २०१९ या काळात संरक्षण राज्यमंत्री असलेल्या धुळ्याच्या सुभाष भामरेंचा किंवा २०२४ पासून राज्यमंत्री असलेल्या रावेरच्या रक्षा खडसेंचा रकाना रिकामा दिसला, म्हणून ते गप्प बसले असा अर्थ निघत नाही. पक्षाचा व्हिप मोडला तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं खासदारकी जाऊ शकते, म्हणून नोंदलेलं मतही बहुतेक वेळा पक्षाचंच असतं. आणि तोंडी उत्तराचे दिवसाला वीस, लेखी उत्तराचे दोनशे तीस प्रश्न घेतले जातात, तेही सोडतीनं. नशिबाचा भाग तिथेही आहेच.

म्हणून मी संख्या सोडून मजकूर वाचतो. प्रश्न आमच्याकडचा आहे का? उत्तर गोलमाल आलं तर पुढच्या अधिवेशनात तो पुन्हा आला का? मंत्र्यांनी ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि साधारण तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. ते झालं का? इंदूर–मनमाड रेल्वेला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, १८,०३६ कोटींची. श्रेयाचे फलक सगळ्यांचेच लागले. अशा वेळी कुणी, केव्हा, काय विचारलं होतं हे वाचलेलं असलं की फलक बघून माणूस भुलत नाही.

रेल्वेचं पत्र मी अजूनही मागतो, लपवत नाही. पुढच्या वेळी संपर्क कार्यालयात गेलो की एखाद्या उत्तराची प्रतही सोबत नेईन, असं ठरवलंय. अजून नेलेली नाही. भीड वाटते.

‘एकट्यानं वाचून काय होणार?’ हा माझा शेवटचा बचाव होता. २०२४ ला धुळ्यात शोभा बच्छाव आणि सुभाष भामरे या दोघांना मिळून साडेअकरा लाखांहून जास्त मतं पडली आणि निकाल लागला ३,८३१ मतांनी. तिथल्या सहा विधानसभा मतदारसंघांतून मिळून इतके वाचणारे निघाले, तर कुठल्याही पक्षाच्या खासदाराला प्रश्न पाठवण्याआधी एकदा विचार करावा लागेल. वाचणाऱ्यांच्या त्या यादीत मी फार उशिरा नाव घातलं.