खांदशेकणी

आमच्या गिरडकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकतात. जू कोठे रुतले, हे गडी बोटांनी चाचपतो. बैल बिचारा सांगणार कसा? वेगवान गोलंदाज तरी कोठे सांगतो! २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराहने पाच कसोटींत १५१.२ षटके टाकून ३२ बळी घेतले. पाठीवर २०२३ मध्येच शस्त्रक्रिया झालेली. सिडनीस तिनेच दगा दिला. अखेरच्या डावात त्याला चेंडू टाकता आला नाही, आणि मागाहून चॅम्पियन्स करंडकही हुकला. पुढे इंग्लंडात पाचांपैकी तीनच कसोटींत तो उतरला, तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. मला मात्र तो हिशेब रास्त वाटला. षटके मोजणारा तिऱ्हाईतच हवा; मोठा सामना तोंडावर असता ‘दमलास का?’ म्हणून पुसल्यास गोलंदाज ‘नाही’ असेच म्हणणार.